नारूबाईंचा माठ

नारूबाईंच्या नोकरीतल्या शेवटच्या उन्हाळ्याचा अख्खा प्रयोग मी फडक्यातून गाळला, फडकं मोरीत धुतलं आणि वर दोन पेले पाणी प्यायलो.

बाईंचं सारं संशोधन नारूवर, आणि मी त्यांचा प्रयोगशाळेतला मदतनीस. पायविहिरीचं न गाळलेलं पाणी पोटात गेलं की त्यातल्या बारीक जीवांबरोबर हा किडा अंगात शिरतो, वर्षभर गुपचूप वाढतो आणि एक दिवस पायाला फोड आणून दोऱ्यासारखा बाहेर डोकावतो. लोकांनी त्यांना नारूबाई करून टाकलं होतं. त्यांचं त्यावर म्हणणं एवढंच, "बरं झालं बाप्पा, मी उवांवर काम नाही केलं."

बाई उमरेडच्या विणकरांच्या घरातल्या. कापड दिसलं की बोटं आपोआप तिकडे जात. लकडगंजच्या एका लग्नात आहेर देताना त्यांनी नवरदेवाचं कोरं उपरणं चिमटीत धरलं आणि भर मांडवात म्हणाल्या, "पोत घट्ट हाये. पाणी गाळाले चालंन." नवरदेवाचा बाप जेवणं उठेपर्यंत आमच्याशी बोलला नाही.

खेड्यात मात्र त्यांची चेष्टा करायची कुणाची छाती नव्हती. बाहेर आलेला नारू काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा काढायचा, हे काम त्या मांडी घालून, रोग्याशी गप्पा मारत करत. रोगी ओरडायचा, "बाई, एकदाचा ओढून टाका ना वं!" बाई म्हणायच्या, "ओढला तं तुटंन, अन् पाय भोपळ्यावानी सुजंन. त्याले मनवा लागते गा." मला त्यांनी काडीला कधी हात लावू दिला नाही. माणसांची पारख होती त्यांना.

तर तो माठ. पायविहिरीच्या गारव्यात ते बारीक जीव नारूची पिल्लं पोटात घेऊन भर उन्हाळ्यातही तगून राहतात, अशी बाईंची खात्री होती. वरचे साहेब मानत नव्हते. म्हणून सदर भागातल्या आमच्या प्रयोगशाळेत बाईंनी एका मोठ्या माठात विहिरीचं पाणी, त्यातले जीव आणि नारूची पिल्लं अशी बिऱ्हाडं वसवली होती. रोज पाहणी चाले. पावसाळा लागेपर्यंत ती तगली की सिद्ध झालं. पुढचा उन्हाळा नव्हता. बाई निवृत्त होणार होत्या.

लूच्या गरम झळा लागून माठ तापेल, या काळजीने मीच एका संध्याकाळी तो व्हरांड्यातून उचलून आत, प्यायच्या पाण्याच्या तिवईवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सायकल हाणत आलो तो घशाला कोरड पडलेली, आणि आपण कालच्या संध्याकाळी काय केलं ते साफ विसरलेलो. पहिला घोट घेतला. दुसऱ्याला पेल्यात कण वळवळताना दिसले. शिपायाने पाणी गाळलं नाही म्हणून त्याला शिव्या घातल्या आणि बाईंचा आदर्श शिष्य या नात्याने सबंध माठ दुहेरी फडक्यातून गाळून काढला.

बाई आल्या. तिवईकडे पाहिलं, वाळत घातलेल्या फडक्याकडे पाहिलं.

"फडकं कुठं धुतलं?"

"मोरीत."

मोरीचं पाणी थेट नाल्याला जात होतं. बाईंनी स्टोव्ह पेटवला, पाणी खळखळा उकळलं आणि किटल्यांमागून किटल्या स्वतःच्या हाताने मोरीत ओतल्या. त्यात कोण मरत होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी किटली धरायला पुढे झालो, तर कोपराने बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "गाळाच्या आधी पेलास का?"

"एक घोट."

"पाय दाखव."

त्या दिवसापासून वर्षभर मी पाय दाखवत राहिलो. बाई निवृत्त झाल्या, निरोपाच्या भाषणांत साहेबांनी त्यांच्या "अपूर्ण राहिलेल्या कार्याचा" उल्लेख केला आणि मी चपलांकडे बघत बसलो. पुढे दर महिन्याला प्रताप नगरला त्यांच्या घरी जायचं, पाटावर पाय ठेवायचे, बाई भिंग घेऊन घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बघणार, मग पोहे. प्रयोगाबद्दल त्या चकार शब्द काढत नसत. शिव्या घातल्या असत्या तर पोहे गोड लागले असते.

खरं सांगतो, माझ्या पायातून नारू निघावा असं मला मनापासून वाटायला लागलं होतं. माठातला एक तरी जीव जगला होता, हे बाईंना दाखवता आलं असतं. अंघोळीला बसलो की मी फोड शोधायचो. डास चावला तरी आशा वाटायची.

वर्ष उलटलं. बाईंनी शेवटचं भिंग फिरवलं आणि ते पदराला पुसून डबीत ठेवलं.

"काही नाही. सुटलास."

माझा चेहरा पडला. म्हटलं, "बाई, मला वाटलं होतं, निदान एक तरी निघेल. तुमच्या कामाला."

 बाई पोह्यांची बशी माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या,

"तुझ्या अंगात राहून तो बी विसरभोळा झाला असंन गा."