गिअरची सायकल चालत न्हाई

वाकड्या हँडलची, दहा गिअरची पोलादी सायकल मी घेतली ती दौंडच्या एका कारखान्यात कायम झालो तेव्हा. फार महागडी नव्हती, पण आमच्या गावात तशी एकच. घरून सायकलनं केडगाव स्टेशन, तिथून गाडीनं दौंड, संध्याकाळी परत. जवळपास दुरुस्ती कुणाला येत नव्हती, म्हणून साखळी बदलणं, वाकडं झालेलं चाक सरळ करणं म्हणजे आऊट काढणं, हे हळूहळू मीच शिकलो.

दुसऱ्या वर्षी जत्रेत सायकल शर्यत ठेवली, केडगावला शिवून परत. सकाळी माझं नाव रीतसर लिहून घेतलं. मी पहिला आलो. मागं रस्त्यावर कुणी दिसतही नव्हतं. मांडवात कुजबुज झाली. सोसायटीचे चेअरमन उठले.

"तुझी गिअरची सायकल. चालत न्हाई."

"सकाळी तर चालली की, आप्पा."

"आता न्हाई चालत."

ढाल त्यांच्या पुतण्याला दिली. विहाराकडची आमची माणसं भांडायला निघाली. माझ्या वडिलांनी, आबांनी, त्यांना मागं ओढलं. "उद्या ह्याच रस्त्यानं कामाला जायचंय त्याला," एवढंच बोलले.

पुढच्या वर्षी पुतण्यानं माझ्यासारखीच सायकल आणली आणि गिअर चालायला लागले. मी नाव दिलं नाही. शर्यतीच्या आदल्या दिवशी तो आमच्या दारात उभा. खड्ड्यात आदळून त्याचं मागचं चाक वाकडं झालं होतं.

"तुलाच जमतंय. जरा आऊट काढून दे."

नाही म्हणायचं ठरवूनच मी बाहेर आलो होतो. तरी चाक हातात घेतलं. एकेक तार आवळत, सैल करत तासभर बसलो. दोन तारा ढिल्या ठेवाव्यात, असं मनात आलं. ठेवल्या नाहीत. चांगुलपणा नव्हता तो. वाईट काम हातून होईना, एवढंच.

तो जिंकला. आबा म्हणाले, "दिलंस व्हय सरळ करून?" आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

सायकल मी पुढं पंधराएक वर्षं चालवली. टायर, साखळी, गिअर सगळं बदललं, सांगाडा तेवढा तोच. दरम्यान गावात मोटारसायकली झाल्या, शर्यत बंद पडली, पुतण्या सरपंच झाला. शाळेच्या एका कार्यक्रमात त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला आणि पाहुण्यांना सांगितलं, "हा आमचा सायकल मिस्त्री. ह्याच्यामुळं शर्यत जिंकलो मी."

पाहुणे हसले. मीही हसलो. तेव्हा मी कारखान्यात सुपरवायझर होतो. ते तोंडाशी आलं आणि तिथंच राहिलं.

माझी लेक समोरच बसली होती. घरी येताना तिनं विचारलं, "पप्पा, त्या शर्यतीत तुम्ही कितवे आला?"

"मी नव्हतोच," मी म्हणालो.