तडजोडबाईची शेवटची ओळ

सगळी गल्ली तिला तडजोडबाई म्हणायची, तेही तोंडावर. बाईला त्याचं काही वाटत नसे. कर्ज फिटेना झालं की लोक तिच्याकडे यायचे आणि ती त्यांच्या वतीने तडजोडीची पत्रं लिहून द्यायची. साथ आली, दुकानं बंद झाली, हप्ते मात्र बंद व्हायचं नाव घेईनात, तेव्हा तिच्या खिडकीपुढे रांगच लागली. जग बुडालं तरी वसुलीवाल्याचा फोन काही बुडायचा नाही, असं ती म्हणायची.

बाई खिडकीच्या आत, गिऱ्हाईक रस्त्यावर. कागद लांब पट्टीला चिमट्याने लावून बाहेर जायचा. सहीचं पेन जंतुनाशकाच्या पेल्यात बुडवलेलं, त्याने पेल्यातलं पाणी निळं झालेलं. पत्राचा साचा ठरलेला होता: देणं किती, फिटत का नाही, आत्ता किती देता येईल. ‘उरलेली रक्कम माफ करून खातं बंद करावं’ ही शेवटची ओळ मात्र ती आधी कधीच टाइप करत नसे. सगळं मोठ्याने वाचून दाखवायचं, समोरचा ‘हो’ म्हणाला की मगच ती ओळ. "नंतर माझ्या नावाने बोंब नको," ती म्हणायची.

पलीकडच्या शाळेत साथीचा दवाखाना उघडला होता. आत नातेवाइकांना सोडत नव्हते. तिथली एक आया दुपारची खिडकीशी यायला लागली आणि आजाऱ्यांची पत्रं सांगायला लागली. डोळ्यांखेरीज तिचं काही दिसायचं नाही. पहिल्यांदा तिने शिंप्याचं पत्र सांगितलं आणि बाईचे हात थबकले. आवाज आयाचा, पण बोलणं थेट शिंप्याचं! ओठांत टाचण्या धरून बोलावं तसं, दातांतून.

"नक्कल झकास करता हो," बाई म्हणाली.

"मी कुठे करते? तेच सांगतात," आया म्हणाली. तिला हसू आलं नव्हतं.

सावकाराने तडजोड मान्य केली, सहीचा कागद वॉर्डात पोचला आणि त्याच दिवशी शिंपी गेला. मग किराणेवाल्याची सून गेली. मग शिकवणीचे मास्तर. मास्तरांपुढे तर डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले होते, तरी कागद येईपर्यंत ते तग धरून राहिले. बाईच्या मनात पाल चुकचुकली. न राहवून तिने एकदा विचारलंच.

"जीव अडकलेला असतो हो," आया म्हणाली. "देणं मिटलं की सुटतो. फार चांगलं काम करता तुम्ही."

बाईला ते कौतुक मुळीच आवडलं नाही. पण रांग मोठी होती आणि पोट कुणाला चुकलंय? ती लिहीत राहिली.

मग एका दुपारी आया आली, खिडकीची चौकट धरून उभी राहिली आणि घसा खाकरून म्हणाली, "ऐक ना ताई, रागावणार नसशील तर एक सांगू?"

बाईने झटकन वर बघितलं. त्या एका वाक्याने तिच्याकडून आजवर किती पैसे गेले होते, ते तिचं तिला माहीत. तिचा धाकटा भाऊ! दोन गल्ल्या पलीकडे राहायचा, पण टेम्पोपायी दोघांचं बोलणं तुटलेलं. बाईने आयुष्यभराची ठेव मोडून त्याला टेम्पो घेऊन दिला, पठ्ठ्याने तो परस्पर विकला आणि पैसे कुठल्या खड्ड्यात घातले देव जाणे. "पैसे दिल्याशिवाय तोंड दाखवू नकोस," असं तिने दारातच सुनावलं होतं. तो आजारी आहे हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आया सांगत गेली आणि बाईची बोटं सवयीने चालत गेली. घेतले इतके. फिटत नाहीत, कारण अक्कल कमी. घरातलं शिलाईयंत्र विकून निम्मे देतो. "आता वाचून दाखवा," आया तिच्या स्वतःच्या आवाजात म्हणाली. "त्याच्या वतीने मी हो म्हणते. पैसे तुमचेच आहेत, तेव्हा मान्यतेची सहीही तुमचीच."

बाईने वाचलं नाही. पडद्यावरचं सगळं खोडलं आणि धडाधड नवं लिहिलं: ‘एक पैसाही सोडणार नाही. पूर्ण पैसे हवेत, तेही तुझ्या हातून. घरी ये आणि तोंड दाखव, मेल्या.’

आयाने पट्टीवरचा कागद वाचला. मग म्हणाली, "फार त्रास होतोय त्याला. सुटू द्या हो."

"होऊ दे त्रास!" बाई ओरडली. ओरडताना तिला रडू फुटलं. "माझे पैसे बुडवून सुटतोय कुठे तो?"

आया कागद घेऊन गेली.

भाऊ आला. साथ ओसरल्यावर आला, नुसता हाडांचा सापळा होऊन, पण आला. बाईने आयाचं नाव काढलं तर तो बावळटासारखा बघत राहिला. "कुठली आया? मला तर शुद्धच नव्हती. जाग आली तेव्हा तुझं पत्र तेवढं छातीवर होतं. काय गं ती भाषा!" आता तो दर महिन्याला हप्ता आणून देतो, अगदी नेमाने, कधी नव्हे तो. एकच हप्ता उरलाय. तो कधीपासून खिशात घेऊन फिरतोय, पण बाई घेतच नाही. कधी म्हणते सुट्टे नाहीत, कधी म्हणते नोट फाटकी आहे, कधी नुसतीच खेकसते.

परवा भाऊ हप्त्याचे पैसे टेबलावर ठेवून आत चहा गाळत होता आणि खिडकीवर टकटक झाली. आता कुणी तोंड बांधून फिरत नाही. हिचं बांधलेलं होतं.

"मिटलं का हो?" आयाने विचारलं.

"बाकी आहे अजून," बाई म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

"कोण होतं गं, ताई?"

"कुणी नाही. तू आधी ते पैसे खिशात ठेव."