आमच्या युनिक्सला नेटवर्क निवडलं त्याची हकिकत

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या. शेवटी हसलात तर मला चहा गिळता येणार नाही. फजिती माझी स्वतःची आहे, आणि सांगतो, ती दुसऱ्या कुणाला जमलीही नसती. तिला चिकाटी लागते.

मी कंधारला एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही. एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि एक कोरी वही, एवढ्यावर शिकलो. तेव्हापासून वही सुटली नाही. मशीनला कोणता हुकूम दिला, त्यानं काय उत्तर दिलं, वीज किती वाजता गेली, सगळं रोज लिहितो. काम निळ्या शाईत, सूचना लाल शाईत. सव्वीस वह्या झाल्यात. बायको म्हणते, "तुम्ही शिंकलात तरी लिहून ठेवता." साफ खोटं आहे. दोनदा शिंकलो तरच लिहितो.

आमच्या ऑफिसच्या कोपऱ्यात एक जुनं युनिक्सचं मशीन आहे. युनिक्स म्हणजे कॉम्प्युटरांतला खानदानी म्हातारा समजा. चित्रं नाहीत, माऊस नाही. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि विचाराल तेवढंच उत्तर. त्याच्या पोटात कॉलेजचे जुने निकाल आहेत. त्या वर्षांची कागदी रजिस्टरं जुन्या इमारतीच्या गळतीत भिजून लगदा झाली. म्हणजे त्या पोरापोरींनी कधीकाळी परीक्षा दिली होती, याचा जगातला एकमेव साक्षीदार हे मशीन.

आणि यंदा उन्हाळ्यात साक्षीदाराला घरघर लागली. आतली डिस्क टक, टक, टक करायला लागली. ज्यांनी हा आवाज ऐकलाय त्यांना कळेल, तो शेवटाच्या आधीचा आवाज असतो.

नेमकी त्याच आठवड्यात वंदना आली.

वंदना आमची जुनी विद्यार्थिनी. आता हिमायतनगरकडं एका गावात अंगणवाडी चालवते. पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी तिचं नाव निघालं होतं, नांदेडला कागदपत्रांची तपासणी होती आणि तिची गुणपत्रिका हरवली होती. कॉलेजच्या रेकॉर्डमधला तिच्या वर्षाच्या निकालाचा कागद, प्राचार्यांच्या सहीशिक्क्यानिशी, तीन आठवड्यांत हजर करायचा. नाहीतर यादीतलं पुढचं नाव.

मी मशीन चालू केलं, हुकूम दिला, आणि पडद्यावर वंदनाचे गुण उमटले. ती म्हणाली, "सर, दिसून राहिलंय की! मोबाईलवर फोटो काढते न्."

पण प्राचार्य ऐकेनात. म्हणाले, "मशीनमधून निघालेल्या कागदावर सही करतो. मोबाईलमधून निघालेल्यावर नाही. आणि तुम्ही बघून टाइप केलेल्यावर तर नाहीच." मशीनचा प्रिंटर केव्हाच गेलेला. फ्लॉपीच्या फटीत धूळ, आणि सीडीचा खण नुसता वाचणारा, लिहिणारा नाही. मग एकच वाट उरली. वायर टाकून जुनं मशीन नव्या कॉम्प्युटरला जोडायचं, सगळे निकाल तिकडं ओढून घ्यायचे आणि तिथून छापायचे. एवढं प्राचार्यांना मान्य होतं. वंदनाचं काम होईल आणि डिस्कनं मान टाकायच्या आधी बाकीच्यांचंही वाचेल.

आता इथं एक गोष्ट समजून घ्या. आमच्या या युनिक्सला जन्मतः नेटवर्क नाही. त्या काळी ते वेगळं आणून बसवावं लागायचं. नुसती वायर जोडून भागत नाही, दुसऱ्या मशीनशी बोलायचं कसं हे शिकवणारं सॉफ्टवेअर लागतं. ते निवडायचं काम माझ्याकडं आलं. खरं सांगतो, मनातून मला उकळ्या फुटल्या होत्या. निवडायचं म्हटलं की माझ्यासारख्याला वहीत रकाने आखता येतात!

तीन सॉफ्टवेअरं पुढं होती. पहिलं मूळ कंपनीचंच. उत्तम, पण बसवताना एक लांबलचक नंबर मागणार, आणि नंबर देणारी कंपनी कधीच बंद झालेली. दुसरं एका छोट्या परदेशी कंपनीचं. सुटसुटीत, जागा थोडी खाणारं. तिसरं फुकटचं, पण ते स्वतः जुळवून घ्यायचं. म्हणजे शर्ट मागावा आणि हातात कापड, सुई, दोरा मिळावा.

पहिला आठवडा रकाने भरण्यात गेला.

दुसऱ्या आठवड्यात नांदेडला गेलो. बाजारातल्या एका कॉम्प्युटरवाल्याला मशीनचं नाव सांगितलं. त्यानं आतून भावाला बोलावलं, भावानं अजून एकाला. तिघं माझ्याकडं असं बघायला लागले, जणू मीच निजामाच्या काळातून चालत आलोय. शेवटी थोरला म्हणाला, "सर, त्याला आता नेटवर्क नको, हार घाला."

मी म्हणालो, "तो दरवर्षी घालतोच."

थट्टा नाही, खरंच घालतो. खंडेनवमीला ऑफिसातल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते, आणि पहिला मान या मशीनचा. आमचे शिपाई गंगाधरमामा त्याला झेंडूचा हार घालतात, हळदकुंकू वाहतात, उदबत्ती ओवाळतात. मशीन लाल कापडात गाठ मारून बांधलेल्या एका बस्त्यावर बसवलेलं आहे, त्या बस्त्यालाही कुंकू. इतक्या वर्षांत ते कापड कुंकवानं असं कडक झालंय, की वाजवलं तर वाजेल. नव्या इमारतीत आल्यापासून मशीन जागचं हललेलं नाही. 'हलवू नये' अशी चिठ्ठी त्यावर चिकटवलेली आहे. अक्षर माझंच, लाल शाईत.

नांदेडला काही मिळालं नाही, मग लातूर गाठलं. तिथं सय्यदसाहेब राहतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, जुन्या युनिक्सचा आपल्या भागातला बहुतेक शेवटचा जाणकार माणूस. त्यांनी माझे रकाने चष्मा वर करून वाचले, चहा मागवला आणि एकच प्रश्न विचारला.

"भाऊ, पहले ये बताओ, मशीन के पेट में पहले से क्या है, वो देखे क्या?"

मला जरा लागलंच ते. म्हणालो, "साहेब, बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी मशीनकडूनच काढली. नेटवर्कचं नावही नाही. आणि त्या मशीनमध्ये माझ्याशिवाय आजवर कुणी काही टाकलेलं नाही. मी टाकलं असतं तर माझ्या वहीत असतं. पाचव्या वहीपासून सव्विसावीपर्यंत सगळ्या चाळल्यात."

"और पहली चार?"

"त्या इमारत बदलताना गहाळ झाल्या."

त्यांनी नुसतं "हूं" केलं. मग कपाट उघडून वायर खोचायचं एक जुनं नेटवर्कचं कार्ड आणि दुसऱ्या नंबरच्या सॉफ्टवेअरची सीडी काढून दिली. दोन्ही रुमालात गुंडाळून, जेवणाच्या डब्यात ठेवून, डबा मांडीवर घेऊन मी लातूर ते कंधार एसटीनं आलो. शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं, डब्यात काय आहे. काय सांगणार? नेटवर्क आहे म्हणून?

मग उगवला तो शुक्रवार. सोमवारी नांदेडला तपासणी. वंदना सकाळची बस धरून आलेली, कागद घेतल्याशिवाय जायचंच नाही अशा तयारीनं. मी वहीत क्रम लिहिला होता. एक, डिस्कवरची जागा मोकळी करणे. दोन, मशीन वळवून मागच्या बाजूला नेटवर्कचं कार्ड बसवणे. तीन, सीडीवरचं सॉफ्टवेअर टाकणे.

जागा मोकळी करायची म्हणजे 'जंक' नावाचं एक फोल्डर उडवायचं. ते फोल्डर मी कैक वर्षं बघत होतो. आत काय आहे आठवत नव्हतं. माझा नियम असा, की वहीत नोंद नाही ते पुसायचं नाही, म्हणून ते तसंच राहिलेलं. पण आता जागा हवी होती. हुकूम टाइप करून झाला. बोट एंटरवर.

तेवढ्यात गंगाधरमामा म्हणाले, "सर, वळवायचं हाय तर आधी वळवून घ्या. मला बारा वाजता लग्नाला जायाचं हाय. तुम्हाला एकट्याला न्हाई उचलायचं ते."

मी म्हणालो, "मामा, क्रम ठरलाय."

"तुमचा क्रम ऱ्हाऊ द्या. नवरदेव थांबत न्हाई."

आयुष्यात पहिल्यांदा मी लिहिलेला क्रम मोडला. मनावर दगड ठेवून टाइप केलेलं खोडलं, मशीन रीतसर बंद केलं. मामांनी एक फूल वाहिलं, हात जोडले, पुटपुटले, "लई दिवसांनी हलवून राहिलो, माफ कर." दोघांनी मिळून ते उचललं आणि बाजूच्या टेबलावर ठेवलं. खालचा बस्ता कडेला सरकला, गाठ सुटली, आतलं सामान खाली पडलं. मी तिकडं बघितलंही नाही. पेचकस घेऊन मशीनच्या मागं गेलो.

मागं कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. ते खरवडायला बसलो.

वंदना खालचं सामान गोळा करत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "सर, हे तुमचंच अक्षर न्?"

"हो. माझी वही आहे. वाच, वाच. त्यात सगळं सविस्तर आहे." मला वाटलं, तिनं टेबलावरची सव्विसावी वही उचलली.

ती वाचायला लागली. "'नेटवर्कसाठी तीन सॉफ्टवेअरांची तुलना. पहिले, मूळ कंपनीचे. उत्तम, परंतु नंबर मिळण्यास अडचण.'"

"बरोबर." मी माती खरवडतोय.

"'तिसरे फुकट आहे, पण आपल्या आवाक्यातले नाही.'"

"नाहीच. पुढं वाच."

"'तीन आठवडे विचार करून दुसरे निवडले.'"

"आता कळलं न् तीन आठवडे कुठं गेले ते?"

"'आज दुपारी बसवले. कार्डही बसवले. उत्तम चालले.'"

माझा हात थांबला. "वंदना, काहीतरी चुकतंय. अजून बसवायचंय ते."

"सर," ती हळूच म्हणाली, "वरती तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची हाय."

त्याच वेळी शेवटचं ढेकूळ पडलं. त्या मातीखाली नेटवर्कच्या वायरीचं भोक होतं. कार्डासकट. बसवलेलं. चकचकीत.

मी उठून तिच्या हातातून वही घेतली. वही नंबर चार. गहाळ झालेल्या चारही वह्या त्या लाल बस्त्यात होत्या. इमारत बदलली तेव्हा मशीन टेबलावर ठेंगणं वाटलं, म्हणून मामांनी हाताला येईल तो बस्ता खाली सारला होता. एकदा कुंकू लागल्यावर तो देवाचा झाला. मग कोण सोडणार? मी स्वतः दरवर्षी हात जोडत होतो. स्वतःच्याच वह्यांना.

पानावर पुढं निळ्या शाईत होतं: "प्रयोगशाळा जोडण्याचा बेत प्राचार्यांनी रद्द केला. तूर्त गरज नाही. सॉफ्टवेअर यादीतून काढून, कुणी हात लावू नये म्हणून 'जंक' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवले आहे."

आणि त्याखाली लाल शाईत, दोनदा अधोरेखित: "विसरू नये."

मी तिथंच खुर्चीवर बसलो. लोकांना वाटतं, मी लक्षात राहावं म्हणून लिहितो. नाही हो. लिहिलं की विसरायला मोकळा होतो. त्याच जंक फोल्डरवर अर्ध्या तासापूर्वी माझं बोट होतं. मामांच्या नातेवाइकाचं लग्न त्या दिवशी नसतं तर? 

मामा पाण्याचा ग्लास घेऊन आले. म्हणाले, "म्हणजे बस्त्याला कुंकू लावलं ते वाया न्हाई गेलं म्हणायचं."

पुढचं काम वीस मिनिटांचं होतं. चौथ्या वहीत पायऱ्या लिहिलेल्याच होत्या, आणि सांगायला हरकत नाही, फार स्वच्छ लिहिलेल्या होत्या. वायर जोडली, सॉफ्टवेअर जंकमधून बाहेर काढलं, मशीन चालू केलं. डिस्क टक, टक करत होती. आम्ही तिघं पडद्याकडं बघत उभे. आणि नव्या कॉम्प्युटरवर एकेका वर्षाचे निकाल येऊन बसायला लागले. वंदनाचं वर्ष आलं. ती पदराचं टोक तोंडाला लावून उभी राहिली. प्राचार्यांनी छापलेला कागद उलटसुलट बघितला आणि सही केली. मामा लग्नाला पोचले तेव्हा पंगत उठली होती, पण त्यांनी कुरकुर केली नाही.

सोमवारी दुपारी वंदनाचा नांदेडहून फोन आला, झालं म्हणून. मंगळवारी सकाळी मशीन चालू करायला गेलो तर डिस्कची टकटक थांबलेली. कायमची. मी इतकं हलकं कधी झालो नव्हतो. मामांनी मोसम नसताना कुठून तरी झेंडू आणला आणि शेवटचा हार घातला.

सगळं इथंच संपलं असतं. पण संध्याकाळी लातूरहून सय्यदसाहेबांचा फोन आला.

"क्या भाऊ, कौनसा बसवलं शेवटी?"

"दुसऱ्या नंबरचंच, साहेब."

"बहुत अच्छा. चाललं?"

"एकदम."

"वा. बसवायला टाइम कितना लगा?"

मी चौथी वही उघडली. सव्विसावीही उघडली. खोटं बोलायची सवय नाही, आणि दोन्हीकडं नोंद होती.

म्हणालो, "साहेब, एकोणीस वर्षं आणि तीन आठवडे."