मान टॉवरला दिसत नाही

“मान हलवली त टॉवरले दिसते काय, आजी? तोंडानं सांगा.”

मागच्या सीटवरची म्हातारी वैतागून म्हणाली, “उतराचं अमडापूरले, टाकीजवळ. झालं समाधान?”

“झालं,” म्हणत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांनी जीप सुरू केली.

काकांइतका काटेकोर वैमानिक आमच्या जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. विमानात ते कधी बसले नव्हते, एवढंच. चिखली-अमडापूर जीप चालवायचे आणि रिकाम्या वेळी मोबाइलवर वैमानिकांचं विमानतळाच्या टॉवरशी चाललेलं बोलणं ऐकायचे. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून अडलेले शब्द मला विचारायचे. टॉवरने दिलेली सूचना वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणायची असते, हे मीच त्यांना समजावून सांगितलं. त्याचं त्यांनी व्रत केलं. निघण्यापूर्वी हँडब्रेक, आरसे, दरवाजे असा मोठ्याने पुकारा व्हायचा आणि दाराशी बसलेल्याने “बंद” म्हटल्याशिवाय किल्ली फिरत नसे. एकदा तिथे नवरदेवच बसला होता, लाजून गप्प. त्याच्या मामाने “बंद” म्हणून पाहिलं. “दार त्याचं, त्यानंच सांगाव,” काका म्हणाले. मुहूर्त तोंडावर आला होता.

सगळे परत म्हणायचे. मीच नाही. मैत्रिणींसमोर मला लाज वाटायची. मी नुसती मान हलवायची.

एका बाजाराच्या दिवशी शाळेपाशी उतरवताना ते म्हणाले, “आज साडेचारले मागच्या गेटवर.” मैत्रिणी हसत होत्या, माझं लक्ष तिकडे. मी मान हलवली आणि संध्याकाळी पुढच्या गेटवर उभी राहिले. भरलेली जीप मागच्या गेटवर तासभर खोळंबली. शेवटी काका मला शोधत आले. जीपमधले लोक माझ्यावर करवादले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “पोरीले काऊन बोलता? परत म्हणून घेतलं नाही, ते माहं चुकलं.” चूक माझी होती, हे मी तेव्हाही बोलले नाही.

या दिवाळीत पुण्याहून घरी गेले, तर काकांना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. वाचा गेली होती. जीप अंगणात धूळ खात उभी होती. पुण्याला परतायच्या दिवशी भेटायला गेले. त्यांनी डावा हात हळूहळू उचलून फोन धरल्यासारखा कानाशी नेला. मी सवयीने मान हलवली आणि वळले.

“निघ व, तुही गाडी जाईल,” काकू म्हणाल्या.

दारातून मागे पाहिलं. हात अजून कानाशीच होता. ते थांबले होते.

मी परत आत गेले, त्यांच्या खाटेशी बसले आणि काकूंनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, “पोचल्यावर फोन करते, काका.”