मोजे न काढता केलेली सही

बावीस वर्षं इन्फन्ट्रीत काढली. शेवटचं पोस्टिंग उत्तरेकडे, बर्फातल्या एका पोस्टवर. मी हवालदार, सेक्शन कमांडर, हाताखाली नऊ जवान. तिथे एक नियम पक्का होता. संध्याकाळी प्रत्येकाने बूट-मोजे काढायचे आणि सेक्शन कमांडरने स्वतः हात लावून बोटं तपासायची. हिमदंशाने बोट पांढरं किंवा बधिर झालं असलं की माणूस खाली रवाना. तपासून झालं की रजिस्टरवर माझी सही. हवालदार जवानांचे पाय धरतो म्हणून सिव्हिलियन हसतात. हसू देत.

त्या दिवशी दोन दिवसांच्या गस्तीवरून आम्ही दुपारी चार चाळीसला परतलो. सहाला वायरलेसवर हुकूम आला: पहाटे पाचला पुन्हा निघा. माझं डोकंच फिरलं. बंकरच्या दारातूनच ओरडलो, "पाय?"

"ठीक, उस्ताद!"

शिपाई दिनेश तांबेही ओरडला. माणगावकडचा, तेवीस वर्षांचा. पाय दाखवला तर खाली पाठवतील आणि पोरं भित्रा म्हणतील, याची त्याला धास्ती असायची. मला ते ठाऊक होतं. तरी कुणाचे मोजे काढले नाहीत. सही ठोकली आणि आडवा झालो.

सकाळी नऊ वीसला तांबे बर्फात बसला. बूट कापला तर तीन बोटं काळीठिक्कर. तेवढ्यात वादळ सुरू झालं.

"एक कॅज्युअल्टी. हेलिकॉप्टर पाठवा."

"निगेटिव्ह. वेदर खराब. उचलून आणा. ओव्हर."

आळीपाळीने पाठीवर घेतला. दुपारी दोन दहाला थंडीने त्याचा जीव गेला, तेव्हा तो माझ्या पाठीवर होता.

चौकशीत कारण लिहिलं गेलं, हवामान. रजिस्टरवर सही होती, मग विचारतंय कोण? उलट त्याला पाठीवरून आणल्याबद्दल मलाच शाबासकीचं पत्र मिळालं. घ्या!

आता भाईंदर पूर्वेला राहतो, केबिन रोडच्या मागे. दर पंधरा ऑगस्टला सोसायटीचे सेक्रेटरी शाल घालतात. "फौजी अंकल, आप तो हमारी शान हो." शान कसली डोंबलाची! मला स्वतःची किळस येते.

यंदा थंडीत तांबेच्या भावाचा फोन आला. "गावात दिनेशच्या नावाची कमान उभी राहतेय. उद्घाटन तुमच्या हातनं व्हावं, आईची फार इच्छा आहे." तिच्या पोरासाठी मी जिवाचं रान केलं, असं त्या माऊलीला वाटतं. तिला खरं सांगायचं, तेही उद्घाटनाच्या आधी, असं ठरवलं. याआधी दोनदा त्यासाठीच एसटीत बसलो होतो आणि दोन्ही वेळा पनवेलला उतरून घरी आलो होतो. म्हणून या खेपेला चालत जायचं. चालत निघालेल्याला पळून यायचं तर तेवढंच चालावं लागतं.

बायको भडकली. "अहो, चौसष्टाव्या वर्षी हायवेने चालत? डोकं ठिकाणावर आहे का? आणि सांगून काय तो परत येणारे?"

"नाही येणार."

"मग म्हातारीला कशाला रडवताय?"

"तिच्या हातून हार घालून घेऊ?"

सॅक बायकोनेच भरली, पण निघेपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

सातव्या दिवशी सकाळी अकराला तांबेच्या घरी पोचलो. आई अंगणात तांदूळ निवडत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तिचा हात सुपातच थांबला.

"हात लावून बघायचं काम तुझं व्हतं?"

"हो, आई."

"किती येळ लागला असता?"

"दोन मिनिटं."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"कमानीची फीत मी कापीन," ती म्हणाली. "तू मागं उभा ऱ्हा."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. कमानीवर कोरलंय, शिपाई दिनेश तांबे. मी सॅल्यूट केला. आईने वळून पाहिलं नाही.