टेकडी चढलेला नाला

कुठल्याही खोलीत शिरला की तो आधी अगरबत्ती पेटवायचा. नमस्कार, पाणी, बसणं हे सगळं नंतर. अगरबत्ती दाराशी धरायची, मग खिडकीपाशी, मग टेबलाखाली, आणि धूर कुठे वळतो ते मान तिरकी करून पाहत राहायचं. आमच्या टायपिस्ट बाईंनी एकदा विचारलं, आज कोणत्या देवाची पूजा?

"आमच्या घरी देव नाही, बाई," तो म्हणाला. "हवा आहे."

तुमच्यापैकी जे त्या कार्यालयात होते, त्यांना तो आठवत असेल. उन्हाळ्यात कूलरवरून तो सगळ्यांशी भांडायचा. लोक कूलर लावून खिडक्या बंद करत. "आत आलेली हवा जाईन कुठून गा? तुह्या कानातून?" असं म्हणत तो खिडकी उघडायचा. थोड्या वेळात खरंच गार वाटायचं, पण त्याचे आभार कोणी मानले नाहीत. बढाईखोर म्हणत त्याला, आणि तो थोडा होताही. भौतिकशास्त्र शिकलेला, कंत्राटावरचा, दर वर्षी मुदतवाढीची वाट पाहणारा. तरी बोलणं असं, की नागपूरचा वारा त्याला विचारून सुटतो.

आमचं काम शहराबाहेरच्या सागाच्या जंगलात होतं. झाडांखालून हवा कशी फिरते, दिवसभराचा ताप जंगल कसा सोडतं, हे मोजायचं. त्यासाठी फायबरची केबल, घरोघरी इंटरनेटला असते तशी, झाडाझाडांतून ताणलेली होती. एका टोकाला पत्र्याच्या खोलीत यंत्र. ते केबलीत प्रकाश सोडायचं आणि परत आलेल्या उजेडावरून मीटरामीटरचं तापमान सांगायचं. पण यंत्राला फक्त मीटर कळतात. कोणता मीटर म्हणजे कोणतं झाड, हे माणसांनी जुळवायचं.

त्याची रीत अशी. फडक्यात बर्फ बांधून तो एकेका झाडापाशी केबलीवर दाबून धरायचा आणि वॉकीटॉकीवर विचारायचा, "आला काय, सर?" पडद्यावरची रेघ तिथे खाली बुडाली की मी तो मीटर त्या झाडाच्या नावावर चढवायचो आणि म्हणायचो, "आला." मग तो पुढच्या झाडाकडे.

त्या जंगलात एक नाला होता, उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत. केबल तो ओलांडून पुढे टेकडीच्या उतारावर चढायची. दिवस मावळताना तो मला तिथे उभा करायचा. "पाणी आटलं, पण नाला वाहूनच राहिला, सर. थंडी वाहून राहिली यातून. पाय ओले झाल्यासारखे वाटतात का नाही?" मला काही वाटायचं नाही. मी हो म्हणायचो. हा थंडीचा प्रवाह केबलीवर दाखवायचा, एवढंच त्याला हवं होतं. तो दिसला असता तर पुढचं काम त्याच्या नावावर आलं असतं, आणि कंत्राटाचं दुखणं संपलं असतं.

मे महिन्यात माकडांनी खोलीजवळ केबल तोडली. ती मीच जोडून घेतली. जोडताना पुढे उपयोगी पडेल म्हणून मधे भरपूर जादा केबल घातली, आणि तिचं भेंडोळं एका सागाला टांगलं. आता पुढची सगळी झाडं तेवढे मीटर सरकली होती. सगळं पुन्हा जुळवायचं होतं. तो बर्फाची पेटी घेऊन भर उन्हात निघाला. मी यंत्रापाशी बसलो.

माझ्या मुलीचं लग्न जवळ आलं होतं. दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर नागपुरातल्या सदर भागातला केटरर होता, आणि पाटवडी ठेवायची की सांबारवडी, यावर आमचं चाललं होतं. वॉकीटॉकीतून आवाज येत होता, "आला काय, सर?" मी पडद्याकडे न पाहता म्हणत होतो, "आला." जुने मीटर तसेच राहिले. त्याच्या हातातला बर्फ प्रत्येक झाडापाशी वितळत गेला.

पावसाळ्याआधी केबल गुंडाळून आणली. नंतरच्या परिसंवादात त्याने त्याची थंडी दाखवली. ती होती, स्पष्ट होती. पण नाल्यात नव्हती, टेकडीच्या उतारावर होती. बाहेरून आलेल्या एका विद्वानांनी विचारलं, "तुमच्याकडे नाले टेकडी चढतात काय हो?" सभागृह हसलं. प्रश्न ऐकताक्षणी मला सागावरचं भेंडोळं आठवलं होतं, आणि तरी मी हसणाऱ्यांत होतो.

बाहेर आल्यावर त्याने मला गाठलं. "सर, त्या दिवशी सगळे आले होते ना?"

"सगळे आले होते," मी म्हणालो.

"मग माहाच बर्फ चुकीच्या झाडाले लागला असन," तो म्हणाला.

मुदतवाढ मिळाली नाही. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात तो हवेतला दमटपणा सांभाळायच्या कामावर लागला. आमच्या लोकांनी मात्र त्याला नाला चढवणारा हेच नाव ठेवलं. अजूनही निवृत्तांच्या बैठकीत ते निघतं.

गेल्या हिवाळ्यात तो वारला. त्यानंतर मी जुन्या नोंदी एका ओळखीच्या संशोधकाकडून उघडून घेतल्या आणि भेंडोळ्याएवढे मीटर मागे सरकवायला सांगितले. थंडी नाल्यात जाऊन बसली. काठापासून काठापर्यंत.

ते चित्र घेऊन मी मनीषनगरला त्याच्या बायकोकडे गेलो. मी काही बोलायच्या आत तीच त्याच्याबद्दल बोलू लागली. शेवटी शेवटी त्यांना स्वतःचा भरवसा राहिला नव्हता, म्हणाली. गॅस बंद केला तरी परत जाऊन पाहायचे. मीठ घातलं का, हे तिलाच विचारायचे. "माह्या हातावर जाऊ नको वं, असं म्हणत," ती म्हणाली.

मग मी सांगितलं. केटररसकट सगळं सांगितलं. चित्र तिच्यापुढे धरलं, नाला बोटाने दाखवला.

"हे त्याइले सांगाचं होतं, सर," ती म्हणाली. "मले काय समजते यातलं?"

ती आत गेली. चहा आला. माझ्यापुढे एकच कप ठेवून ती समोर बसून राहिली.