तेजल पिंगळेचं प्रॅक्टिकल

मखमलाबादच्या जयराम पिंगळ्यांची तेजल बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी फिजिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये नापास झाली. प्रकाश मोजायचं यंत्र समोर होतं, पण त्याच्या दुर्बिणीत प्रकाशाची रेघच सापडेना. कागद कोरा गेला. घरी गुलाबाच्या जुड्या बांधता बांधता आई, चांगुणाबाई, एवढंच म्हणाल्या, "पुन्हा बस. पण ह्या खेपेला शेवटचं."

२००६च्या उन्हाळ्यात ती पुन्हा बसली. चिठ्ठी उचलली, तर नेमका तोच प्रयोग: सोडियमच्या दिव्याच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी काढायची. पडदे लावलेल्या खोलीत तिने यंत्र जुळवलं. या वेळी रेघ सापडली. डावीकडच्या रेघेचं रीडिंग लिहून ती उजवीकडच्या रेघेकडे वळणार, तोच लाइट गेली.

उकाड्याने मुलं बाहेर पळाली. बाहेरगावहून आलेल्या परीक्षक बाईंनी तिलाही बाहेर बोलावलं.

"मॅडम, धक्का लागला तर सगळं हलेल. मी इथेच थांबते."

टेबल धरून ती अंधारात उभी राहिली. लाइट आली तेव्हा वेळ थोडाच उरला होता. मुलं धावत आत घुसली, कोणाचा तरी पाय अडखळला आणि तिचं टेबल हादरलं.

दिवा आधी लालसर, मग सावकाश पिवळा झाला. तिने दुर्बिणीत पाहिलं. रेघ सरकली होती. शेजारच्या टेबलावरचा ललित हळूच म्हणाला, "उत्तर सगळ्यांना पाठ आहे. उलटं गणित करून आकडे टाक."

पेन कागदावर टेकलंही. मग तिने जुनं रीडिंग खोडलं आणि पहिल्यापासून घेतलं. उजवीकडचं जेमतेम झालं आणि वेळ संपला. पुढच्या रीडिंगचे खालचे रकाने रिकामेच राहिले.

तोंडी परीक्षेत बाईंनी इंग्रजीतून विचारलं, हे खोडलं का? तिला इंग्रजीत शब्द जुळेनात.

"मराठीत सांगितलं तर चालेल?"

बाईंनी मान हलवली. तिने घडलं ते सांगितलं.

"आणि हे रकाने?"

"वेळ पुरला नाही. म्हणून नाही भरले."

बाईंनी मार्क लिहून कागद पालथा ठेवला. चेहऱ्यावरून काही कळेना.

निकालापर्यंत तिला घास गोड लागला नाही. ती पास झाली, पण पहिला वर्ग थोडक्यात हुकला. ललितला बरेच जास्त मिळाले.

"पास झाली ना? मग लय झालं," जयराम म्हणाले.

पुढे बीएड करून ती दिंडोरीकडच्या शाळेत विज्ञान शिकवू लागली. पण तो हुकलेला वर्ग तिला बरीच वर्षं सलत राहिला.